रांजणवाडी व पापणीवरील गाठ

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेवरील किंवा पापणीच्या जाडीतील ग्रंथीला जंतुसंसर्ग होऊन येणारी लाल व दुखरी पुळी होय. हिला इंग्रजीत स्टाय व वैद्यकीय परिभाषेत हॉर्डिओलम म्हणतात. पापणीवर दीर्घकाळ राहणारी, कठीण व बहुधा न दुखणारी गाठ हा याच्याशी निगडित, परंतु वेगळा विकार असून त्यास कॅलाझिऑन असे नाव आहे. बोलीभाषेत या दोन्हींना सर्रास रांजणवाडी म्हटले जाते. दोन्ही विकार सर्व वयांत आढळतात, बहुधा निरुपद्रवी असतात आणि बव्हंशी शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. मात्र उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी गाठ क्वचित कर्करोगाची असू शकते. त्यामुळे ती वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

नामकरण व इतिहास

हॉर्डिओलम हा लॅटिन शब्द जवाच्या दाण्यावरून, तर कॅलाझिऑन हा ग्रीक शब्द गारेवरून आला आहे. दोन्ही नावे गाठीच्या आकाराची व स्पर्शाची निदर्शक आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन असून त्यांपैकी २१ पापणीचे आहेत. त्यांतील ‘अंजननामिका’ ही दाह व टोचणी असलेली, तांबूस, मऊ पुळी रांजणवाडीशी जुळते. ‘लगण’ ही न पिकणारी, कठीण, वेदनारहित, बोराएवढी गाठ कॅलाझिऑनशी मिळतीजुळती आहे. सुश्रुताने या दोन्हींची गणना भेदनाने, म्हणजे शस्त्राने फोडून, बऱ्या होणाऱ्या रोगांत केली आहे. पापणीतील ज्या ग्रंथी तुंबल्याने कॅलाझिऑन होतो, त्यांचे सविस्तर वर्णन जर्मन वैद्य हाइन्रिश मायबोम याने १६६६ मध्ये केले. त्यावरून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात.

कारणे

वरच्या पापणीत सुमारे ३० ते ४० व खालच्या पापणीत सुमारे २० ते ३० मायबोमियन ग्रंथी उभ्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांतून स्रवणारा तेलकट पदार्थ अश्रूंवर पातळ थर धरतो व अश्रू लवकर सुकू देत नाही. याशिवाय पापणीच्या केसांच्या मुळाशी झाइस व मोल या लहान ग्रंथी असतात.

केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीला संसर्ग झाल्यास बाहेरची, तर मायबोमियन ग्रंथीला संसर्ग झाल्यास आतली रांजणवाडी होते. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कारणीभूत असतो. हा जिवाणू निरोगी माणसाच्या नाकात व त्वचेवरही असतो आणि अस्वच्छ हाताने डोळे चोळल्यास पापणीपर्यंत पोहोचतो. कॅलाझिऑनमध्ये जंतुसंसर्ग मुख्य नसतो. ग्रंथीचे तोंड बंद होऊन आतील स्निग्ध पदार्थ भोवतालच्या ऊतींत झिरपतो व शरीर त्याभोवती गाठ निर्माण करते.

पापणीच्या कडेचा जुनाट दाह, केसांच्या मुळाशी कोंडा साचणे, चेहऱ्यावरील रोझेशिया हा त्वचाविकार आणि अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना हा त्रास वारंवार होऊ शकतो. रांजणवाडी दुसऱ्याकडे पाहिल्याने होते, ही समजूत निराधार आहे.

लक्षणे व निदान

रांजणवाडीत पापणीच्या एका जागी लाली, सूज, दुखरेपणा व डोळ्यात खुपल्याची भावना असते. दोन-चार दिवसांत तेथे पिवळसर टोक दिसू लागते. बहुधा ती आपोआप फुटते आणि एक ते दोन आठवड्यांत बरी होते. कॅलाझिऑन सावकाश वाढतो. पापणीवरून बोट फिरवल्यास कातडीखाली वाटाण्यासारखा गोळा हाताला लागतो, परंतु वरची कातडी त्याला चिकटलेली नसते. मोठी गाठ बुबुळावर दाब देऊन दृष्टी अंधूक करते. लहान मुलांत असा दाब दीर्घकाळ राहिल्यास चष्म्याचा तिरपा नंबर व पुढे आळशी डोळा होण्याचा धोका असतो.

निदान पापणी उलटून पाहिल्यावर होते व सहसा अन्य तपासणी लागत नाही. खुपरी, अश्रुपिशवीचा दाह, पापणीवरील चामखीळ व पिवळसर चरबीचे चट्टे यांपासून हा विकार वेगळा ओळखावा लागतो.

उपचार

शेक हा दोन्ही विकारांतील प्रथम व प्रमुख उपचार आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड बुडवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर ठेवतात. एका वेळी १० ते १५ मिनिटे, दिवसातून ३ ते ४ वेळा शेक घ्यावा. कापड दोन-तीन मिनिटांत गार होत असल्याने ते पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. पापणीची त्वचा अत्यंत पातळ असल्यामुळे पाण्याची ऊब आधी मनगटाच्या आतील बाजूस पाहावी. उष्णतेने ग्रंथीतील घट्ट स्राव पातळ होतो व तोंड मोकळे होते. कॅलाझिऑनमध्ये शेकानंतर स्वच्छ बोटाने वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर असा हलका मर्दनाचा हात फिरवतात. हा क्रम काही आठवडे नेटाने चालवल्यास अनेक गाठी विरतात. पू असलेल्या दुखऱ्या रांजणवाडीवर मात्र मर्दन करू नये.

पुळी दाबून किंवा सुईने फोडू नये. तसे केल्याने संसर्ग भोवतालच्या ऊतींत पसरतो. बरे होईपर्यंत काजळ, सुरमा व कॉन्टॅक्ट लेन्स टाळावेत आणि टॉवेल वेगळा ठेवावा.

प्रतिजैविक मलम डॉक्टर काही वेळा देतात, परंतु साध्या रांजणवाडीत त्याचा लाभ मर्यादित आहे. आतल्या रांजणवाडीवरील शस्त्रक्रियेविना उपचारांबाबत कोक्रेन या संस्थेने पुरावे तपासले, तेव्हा निकषांस उतरणारी एकही चाचणी तिला आढळली नाही. पोटातून प्रतिजैविके संसर्ग पापणीभर पसरल्यास देतात. औषधदुकानातून स्वतःहून स्टेरॉइडचे थेंब घेणे धोक्याचे आहे. दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

शेकाने न विरणाऱ्या गाठीवर लहान शस्त्रक्रिया करतात. भूल देणारे इंजेक्शन दिल्यावर पापणी चिमट्यात धरून उलटतात, आतल्या बाजूने उभा छेद देतात व आतील पदार्थ खरवडून काढतात. ग्रंथी उभ्या मांडलेल्या असल्याने उभ्या छेदाने शेजारच्या ग्रंथी वाचतात. छेद आतून असल्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. लहान मुलांना मात्र पूर्ण भूल द्यावी लागते. गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन हा दुसरा पर्याय आहे, परंतु त्याने त्वचेचा रंग त्या जागी फिका पडू शकतो.

घरगुती उपाय

महाराष्ट्रात तळहातावर बोट घासून त्याची ऊब देणे, लवंग किंवा खारकेची बी उगाळून लावणे, हळद लावणे असे उपाय प्रचलित आहेत. बोटाच्या उबेमागील तत्त्व शेकाचेच आहे, तथापि ऊब अल्पकाळ टिकते आणि हात अस्वच्छ असल्यास जंतू पापणीवर जातात. सहाणेवर उगाळलेल्या पदार्थाचे कण डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होऊ शकते. चुना कदापि लावू नये, कारण तो बुबुळ जाळतो. रांजणवाडी बहुधा आपोआप बरी होत असल्याने त्या सुमारास केलेल्या कोणत्याही उपायाला यश मिळाल्यासारखे वाटते.

तातडीची लक्षणे

पुढीलपैकी काही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे: ताप येणे, संपूर्ण पापणी सुजून डोळा बंद होणे, डोळा हलवताना दुखणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नजर कमी होणे किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणे. संसर्ग नेत्रखोबणीत पसरल्याची ही चिन्हे असून त्यात दृष्टीला व जिवालाही धोका असतो.

उतारवयात काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली, त्या जागचे पापणीचे केस गळाले अथवा तेथे व्रण पडला, तर पापणीच्या तैलग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. हा कर्करोग दिसण्यात कॅलाझिऑनसारखा असल्याने निदानास उशीर होतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात पापणीच्या कर्करोगांत याचे प्रमाण अधिक आहे. अशा वेळी काढलेला भाग फेकून न देता ऊतिपरीक्षेसाठी पाठवणे आवश्यक असते.

मुरुम परिसरातील उपचारसोय

मुरुम हे धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील, कर्नाटक सीमेलगतच्या भागातील नगरपरिषदेचे गाव आहे. गावात ग्रामीण रुग्णालय, तालुक्याच्या ठिकाणी उमरगा येथे उपजिल्हा रुग्णालय आणि धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी सरकारी व्यवस्थेची चढती रचना आहे. लातूर व सोलापूर येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. तरीही रोजंदारीवरील मजुराला प्रवासासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. त्यामुळे कोणती गाठ घरी शेकावी व कोणत्या गाठीसाठी प्रवास करावा, हे जाणणे उपयुक्त ठरते. साध्या रांजणवाडीस घरचा शेक पुरतो. आठवडाभरात उतार न पडल्यास ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. महिन्याहून अधिक टिकणारी किंवा परत येणारी गाठ नेत्रतज्ज्ञांना दाखवावी. तातडीची लक्षणे असल्यास थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

प्रतिबंध

डोळ्यांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, शेतातून किंवा मळणीवरून आल्यावर डोळे न चोळता चेहरा स्वच्छ पाण्याने धुणे, काजळाची डबी व टॉवेल इतरांसोबत न वापरणे यांनी संसर्ग टळतो. वारंवार त्रास होणाऱ्यांनी पापणीची कड रोज कोमट पाण्याच्या ओल्या कापडाने पुसावी. प्रौढ व्यक्तीस रांजणवाडी पुन्हा पुन्हा होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी.