टेकडीखालची पवनी

विदर्भातून युरोपच्या सहलीला निघणारी मंडळी रोमसाठी जेमतेम दोन दिवस राखून ठेवतात. कलोसियम, व्हॅटिकन, नाणे टाकायचे ते कारंजे, झाले. ज्यांच्याकडे तासभर उरतो ते सान क्लेमेंतेच्या चर्चमध्ये जातात. वर बाराव्या शतकातले चर्च, त्याखाली चौथ्या शतकातले आणि त्याच्याही खाली रोमन वास्तू व मिथ्र देवाचे भुयारी देवघर. १८५७ मध्ये जोसेफ मुलूली या आयरिश पाद्र्याने खणायला घेतले, तेव्हा कुठे खालचे मजले पुन्हा उजेडात येऊ लागले. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला असा जिना उतरायची हौस असेल तर त्याने आधी एक दिवस पवनीसाठी काढायला हरकत नाही. वर देऊळ आणि पोटात त्याहून कितीतरी जुना स्तूप, अशी टेकडी तिथे आहे.

जाण्याचे गणित सोपे आहे. भंडाऱ्याहून दक्षिणेला अड्याळमार्गे साधारण पन्नास किलोमीटर, नागपूरहून उमरेड-भिवापूर रस्त्याने ऐंशीच्या आसपास. १९०८ मध्ये नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे सुरू झाली, पण ती पवनीला वळसा घालून गेली. वाट्याला आले ते ‘पवनी रोड’ नावाचे स्टेशन; नावापुढे रोड लागला की गाव लांब आहे हे रेल्वेचे प्रवासी ओळखून असतात. २०१९ च्या अखेरीस रुळांच्या रुंदीकरणासाठी तीही गाडी थांबली. तेव्हापासून मदार एसटीवर किंवा स्वतःच्या गाडीवर. येताना भिवापूरला लाल मिरची मिळते. तिच्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिखटपणाला मानांकनाची गरज नाही.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, आणि बहुतेक पाहुणे हे नाव ऐकूनच येतात. वैनगंगेच्या काठाने दिवाण घाट, घोडेघाट, वैजेश्वर अशी घाटांची रांग आहे. कोणी अस्थी घेऊन येतो, कोणी पर्वणीच्या स्नानाला. मग विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक असलेला पंचमुखी गणपती. एकाच पाषाणावर कोरलेला हा सर्वतोभद्र गणेश नेहमीच्या गणेशमूर्तीसारखा मुळीच दिसत नाही. नवखा माणूस आधी मूर्ती कुठे आहे तेच शोधत राहतो. दर्शन, प्रसाद, घाटावर दोन फोटो आणि परत. पवनी पाहिली असे म्हणायला एवढे पुरते. फरक इतकाच की ही सारी गावाची अलीकडची बाजू आहे.

दिवसाची सुरुवात घाटावरून न करता जगन्नाथाच्या टेकडीवरून करावी. पूर्वी तिथे दिसायचे ते एवढेच : एक उंचवटा आणि माथ्यावर जगन्नाथाचे देऊळ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. विद्यापीठाकडून शां. भा. देव होते, सर्वेक्षणाकडून जगत्पती जोशी. जोशी म्हणजे कच्छच्या रणातले धोलावीरा उजेडात आणणारे; पुढे ते सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. असा माणूस पवनीच्या मातीत हात घालायला आला, हे आजही गावातल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

टेकडीच्या पोटात निघाला तो विटामातीचा प्रचंड स्तूप. व्यास अडतीस मीटरच्या वर. सांचीचा मोठा स्तूप साधारण साडेछत्तीस मीटरचा आहे, तेव्हा आकारात पवनी सांचीला मागे टाकते. बांधकामाची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे जाते. भोवतीचा दगडी कठडा आणि त्यावरचे कोरीवकाम इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतले. सांची आणि भरहुतच्या कारागिरीशी नाते सांगणारे हे दगड आहेत, आणि दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत त्यांच्यावरच कोरलेली आहेत. हे काही एका राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले काम नव्हे. खांबाखांबाला वेगळा दाता आहे. जवळच चांदकापूरच्या टेकडीतही स्तूप निघाला. १९९४ मध्ये सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा खोदकाम केले.

या दगडांत एक पाहावाच असा आहे, मुचलिंद नागाचा. बोधी मिळाल्यावर बुद्ध ध्यानात बसले असताना अवकाळी वादळ आले, सात दिवस पाऊस कोसळला, तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने वेटोळे घालून त्यांच्यावर फणा धरला, अशी कथा. पवनीच्या शिल्पात नाग आहे, त्याचा पसरलेला फणा आहे, फण्याखाली आसनही आहे. आसनावर कोणी नाही. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. झाड, आसन, पाऊलखुणा एवढ्यावर भाविकाने ओळखायचे. कोणाला शंका राहू नये म्हणून नागाचे नाव कोरून ठेवले आहे. झाडीपट्टीतला आषाढ ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला सात दिवसांच्या पावसाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. धान पिकवणाऱ्या या मुलखात ही कथा दगडावर उतरवणाऱ्याला पाऊस आणि नाग दोन्ही परके नव्हते.

सहलीत इथे एक अडचण येते. टेकडीवर गेल्यावर डोळ्यांना दिसतात त्या विटा, चर, गवत आणि वरचे देऊळ. कोरलेले दगड जागेवर शोधायला गेले तर निराशा होते. म्हणून नागपूरकडून येणाऱ्याने आदल्या दिवशी अजबबंगल्यात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, चक्कर मारून यावे. पवनीतून गेलेला एक खांब तिथे आहे, तोही साधासुधा नाही. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला हा छायास्तंभ. शक क्षत्रपांची आठवण काढली की गुजरात, माळवा, नाशिक-जुन्नर डोळ्यांपुढे येतात. त्यांच्यातल्या कोणाचा स्मृतिस्तंभ वैनगंगेच्या काठी निघावा ही इतिहासकारांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट होती. पवनीतच भार कुळातल्या भगदत्त नावाच्या राजाने स्थापलेला पादुकांचा शिलापट्टही सापडला. त्यावरचा लेख वा. वि. मिराशींनी प्रसिद्ध केला. एका गावात उपासकांची दाने, परक्या वंशातला कुमार आणि इतरत्र फारसा न भेटणारा स्थानिक राजा, इतके पुरावे निघतात म्हणजे ते गाव आडवाटेचे नसणार. नदी, तिच्या काठचा व्यापार आणि राबता असल्याखेरीज एवढे मोठे स्तूप उभे राहत नाहीत.

टेकडीवरून गावाकडे वळले की परकोट लागतो. तीन बाजूंना तट व खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी पवनीची ठेवण. दगडी बुरूज आणि दरवाजे पाहून तो गोंड-मराठा काळातला किल्ला वाटतो, आणि वरवर तो तसा आहेही. पण मातीचा तट आणि खंदक यांचे मूळ प्राचीन नगराकडे जाते. नंतरच्यांनी नवी जागा शोधण्याऐवजी जुन्याच आखणीवर दगड चढवला. अठराव्या शतकात गाव नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि घाट-देवळांची आजची पवनी बरीचशी त्या काळाची देणगी आहे. १८१८ मध्ये, आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव चालू असताना, इंग्रजी फौजेने हल्ला करून किल्ला घेतला. त्यानंतर तटाला काम उरले नाही. गावाला मात्र होते. कोष्ट्यांचे माग चालू होते, आणि रेशीमकाठी कापडासाठी पवनीचे नाव इंग्रजी गॅझेटियरपर्यंत पोचले. आज त्या मागांचा आवाज ऐकायचा म्हटले तर शोधत फिरावे लागते.

युरोपात असे कोट पाहायला माणसे तिकीट काढून जातात. फ्रान्समधल्या कार्कासोनचा तट पाडून टाकायचेही घाटत होते. १८५३ पासून व्हिओले-ल-द्यूकने तो डागडुजी करून उभा केला. त्याने शेंड्यावर टोप्या जरा जास्तच टोकदार चढवल्या असे टीकाकार म्हणाले, तरी गाव वाचले. पवनीला अशा टोप्यांची गरज नाही. चार ठिकाणी चार नीट पाट्या, टेकडीवर मूळ शिल्पांच्या प्रतिकृती आणि कोटाच्या कडेने चालायची वाट झाली तर अर्धे काम होईल.

दुपार कोटाच्या आत काढली की घाट संध्याकाळसाठी उरतात, आणि ते तसेच ठीक. उन्हे कलल्यावर ढिवरांचे डोंगे काठाला लागतात. जेवणात नदीचे झिंगे मिळाले तर सोडू नयेत. पावसाळ्यात यायचे असेल तर निघण्याआधी एक चौकशी जरूर करावी. पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली, आणि धरणाला तेहतीस दरवाजे आहेत. ते उघडले की घाटाच्या पायऱ्या बुडतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी आलेल्या पुरात तर नदी वस्तीत शिरली होती. दरवाजे किती उघडले आहेत ते त्या दिवसांत स्थानिक बातम्यांत रोज सांगतात; दोन-चारच असतील तर निघावे, सगळे असतील तर टेकडी आणि कोट पाहून घाट पुढच्या खेपेला ठेवावा.