मुंबईतील उद्याने व मैदाने : ओळख, इतिहास आणि आपला हक्क

मुंबईच्या विकास आराखड्यासाठी झालेल्या मोजणीत शहरातल्या एका माणसाच्या वाट्याला उद्याने, मैदाने आणि मनोरंजन मैदाने मिळून जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा आली. एका माणसाची सतरंजी अंथरली की ती संपली. केंद्र सरकारची नागरी नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे माणशी १० ते १२ चौरस मीटर सांगतात. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान या हिशेबात धरलेले नाही, आणि ते धरले तरी मानखुर्दच्या मुलाला संध्याकाळी तिथे जाऊन खेळता येणार नाही.

ज्यांच्या घरात हॉल, गॅलरी, सोसायटीचे आवार आहे त्यांना बाग म्हणजे फिरायची जागा. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची होती. झोपडपट्टीतली खोली अनेकदा त्याहून लहान. तिथे बाग हा घराचाच राहिलेला भाग असतो : अभ्यासाचा, म्हाताऱ्यांनी बसण्याचा, बायकांनी दोन शब्द बोलण्याचा. म्हणून या लेखात आम्ही मुंबईतल्या मुख्य उद्यानांची आणि मैदानांची ओळख करून देताना तिथे काय पाहावे याबरोबर फाटक कोणासाठी, किती वेळ आणि किती पैशांत उघडते हेही नोंदवले आहे.

चर्नी रोडची बाग आणि वरळीची अभ्यास गल्ली

आपल्या वाचकांना चर्नी रोडच्या बागेची वेगळी ओळख करून द्यायला नको. विद्यार्थी भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शाळा सुटल्यावर या बागेत जाऊन वाचत बसत. परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सगळे कुटुंब राहत होते, चूलही तिथेच. बागेत नेमाने वाचणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाचे लक्ष गेले. पुढे त्यांनीच स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले आणि उच्च शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळवून देण्यात पुढाकार घेतला. ही हकीकत आपण जयंतीच्या भाषणांत अनेकदा ऐकतो. भाषणात भर केळुसकर गुरुजींवर असतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या बागेला तिकीट नव्हते आणि वाचत बसलेल्या मुलाला कोणी उठवले नाही, हेही त्या हकीकतीत आहे.

आजही मुंबईत मुले घराबाहेर अभ्यास करतात. वरळीला बीडीडी चाळींच्या जवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. त्याला सगळे ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. रहदारी कमी, झाडे भरपूर, रस्त्यावर दिवे. चाळीतल्या कित्येक पिढ्या इथे पुस्तक घेऊन बसल्या. महापालिकेच्या काही उद्यानांत आता अभ्यासिका किंवा वाचनालय आहे. आपल्या विभागात आहे का याची चौकशी उद्यान कार्यालयात करता येते. मात्र बागेतल्या बाकावर वाचायचे तर अंधार पडल्यावर दिवा लागतो, आणि दिव्याखालचे बाक शोधावे लागते.

राणीचा बाग

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६० च्या दशकात सुरू झाले. पूर्वीचे नाव व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडी राणीचा बाग. पन्नास एकरांहून मोठ्या या जागेत लोक वाघ आणि पेंग्विन पाहायला जातात. आमचा आग्रह आहे की झाडेही पाहावीत. मुळात ही वनस्पती-बाग होती. फुगलेल्या खोडाची गोरखचिंच आणि लालबुंद घोसांची उर्वशी ही झाडे शहरात इतरत्र सहज दिसत नाहीत. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा पुतळा आणि घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती याच आवारात आहेत. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बाग बुधवारी बंद असते.

२०१७ पर्यंत इथे मोठ्या माणसाला पाच रुपये तिकीट होते. त्या वर्षी ते पन्नास रुपये झाले, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना पंचवीस. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला एकत्रित शंभर. पेंग्विनच्या खर्चाचे कारण सांगितले गेले. गोवंडीहून चौघांनी यायचे तर लोकल, बस, तिकीट आणि मुलांचा वडापाव धरून एका दिवसाची मजुरी बरीचशी संपते. प्राण्यांसाठी तिकीट असावे, याला आमचा विरोध नाही. झाडांखाली बसण्यासाठी तेच तिकीट कशाला, हा प्रश्न आहे.

मलबार हिल

फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन, १८८१ सालचे. त्याच्या खाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय आहे, बाग त्याच्या छपरावर आहे. समोर कमला नेहरू पार्क आणि म्हातारीचा बूट. दोन्हीकडे प्रवेश मोफत, म्हणून सुट्टीत शहरभरातून कुटुंबे येतात. याच टेकडीवर २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत मार्ग खुला झाला. तिकीट पंचवीस रुपये, आणि वेळ ऑनलाइन नोंदवून जायचे. मार्ग छान आहे. मोबाइलवर नोंदणी करता न येणाऱ्या आजी-आजोबांना मात्र कोणीतरी सोबत न्यावे लागते.

फोर्टची मैदाने

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे एकाच मोठ्या मोकळ्या पट्ट्याचे तुकडे आहेत. ब्रिटिशांनी किल्ल्याबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली होती, तिला एस्प्लनेड म्हणत. १८८० च्या दशकात इथे वाद पेटला होता : गोरे लोक पोलो खेळायला मैदान अडवत आणि घोड्यांच्या टापांनी देशी मुलांच्या क्रिकेटची खेळपट्टी उखडत असे. मुंबईत मैदान कोणाचे हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याच काळाच्या पुढच्या टप्प्यात पाळवणकर बाळू यांनी हिंदू संघाकडून गोलंदाजी करून गोऱ्यांना हरवले. चर्मकार समाजातल्या या खेळाडूला पुण्यात चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले. मैदान सर्वांसाठी उघडे होते, तंबू नव्हता.

ओव्हलभोवतीच्या इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आझाद मैदान हे मोर्चे आणि धरणी यांचे ठिकाण. शिक्षक, अंगणवाडी सेविका, सफाई कामगार महाराष्ट्रभरातून इथे येऊन बसतात. बसणाऱ्यांना सावली, पाणी आणि स्वच्छतागृह पुरेसे मिळत नाही, विशेषतः बायकांना.

शिवाजी पार्क

दादरचे हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झाले, आणि २०२० पासून अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क आहे. क्षेत्रफळ एक लाख दहा हजार चौरस मीटरच्या वर. भोवतीचा कट्टा हा मुंबईतला सर्वांत लांब बाक म्हणायला हरकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला.

६ डिसेंबरच्या आधी दोन-तीन दिवस चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी याच मैदानात महापालिका मंडप, पिण्याचे पाणी, फिरती शौचालये आणि आरोग्य कक्ष उभारते. पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे भाकरी बांधून आणतात आणि जाताना पिशवीभर पुस्तके नेतात. त्या दिवसांत काही रहिवाशांकडून कचऱ्याची तक्रार दरवर्षी ऐकू येते. मैदानात धूळ वर्षभर उडते, आणि तिथे टाकलेल्या लाल मातीबद्दल रहिवासीच वर्षानुवर्षे बोलत आहेत. कचरा उचलण्यात आपल्या तरुणांची पथके दरवेळी पुढे असतात, याची नोंद मात्र फारशी होत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये आहे. विहार आणि तुळशी हे तलाव याच्या कुशीत. पैकी विहार १८६० चा, मुंबईला नळाचे पाणी प्रथम तिथून मिळाले. बिबटे आहेत, म्हणून ठरलेल्या वाटा सोडू नयेत. उद्यान सोमवारी बंद असते.

बोरिवली पूर्वेच्या मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरी लेणी आहेत. शंभरहून अधिक लेणी, इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे भिक्खूंची वस्ती. लेणे क्रमांक तीनचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या दोन भव्य उभ्या बुद्धमूर्ती सगळे पाहतात. आम्ही सुचवू की त्यानंतर वर चढून पाण्याची व्यवस्था पाहावी. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या पन्हाळींनी लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरवले आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा, चौल इथले व्यापारी आहेत, सोनार, लोहार आहेत, भिक्षुणीही आहेत. पाणपोढी कोरून देणे हे दान मानले गेले, आणि वाटसरूलाही त्याचा उपयोग झाला असणार. सोबत पाणी न्या, खाऊ माकडांच्या नजरेस पडू देऊ नका, आणि लेण्यांत अगरबत्ती-मेणबत्ती लावू नका. काजळीने दगड खराब होतो. वंदना त्याशिवायही होते.

या जंगलाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. आत वारली आदिवासींचे पाडे जंगल ‘राष्ट्रीय उद्यान’ होण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. पुढे कडेने कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पर्यावरण संघटनेच्या याचिकेवर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने वस्त्या हटवण्याचा आदेश दिला. हजारो घरे पाडली गेली. १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्यांना सात हजार रुपये भरून पुनर्वसनाची पात्रता मिळायची; अनेकांना लांबच्या लढ्यानंतर चांदिवलीत घरे मिळाली. जंगल वाचले पाहिजे, यावर वाद नाही. ते वाचवण्याची किंमत पहिल्यांदा कोणी मोजली, हे लक्षात ठेवून तिथे फिरावे. शेजारच्या आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडे रातोरात तोडली गेली. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत आरेच्या पाड्यांतले आदिवासी आणि शहरातले तरुण एकत्र होते, हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान

धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये, मिठी नदीकाठी. ३७ एकर. पूर्वी इथे शहराचा कचरा टाकला जायचा. तो थांबल्यावर माती घालून झाडे लावली आणि १९९४ मध्ये उद्यान खुले झाले. कचऱ्याच्या ढिगाचे दाट रान एका पिढीत होते, याचा असा पुरावा शहरात दुसरा नाही. देवनारच्या क्षेपणभूमीशेजारी राहणाऱ्या मुलांना आम्ही इथे आवर्जून नेतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आमच्याकडे असे कधी होणार?

फाटकाची किल्ली कोणाकडे

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि मैदाने पुरवणे हे नगरपालिकांच्या कामांत स्पष्ट लिहिले आहे. तरी मुंबई महापालिकेने अनेक भूखंड देखभालीच्या नावाखाली खासगी संस्थांना ‘दत्तक’ दिले. काही ठिकाणी देखभाल चांगली झाली. काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सभासदत्वाची फी लागू झाली. जानेवारी २०१६ मध्ये नव्या दत्तक धोरणावर गदारोळ झाला, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि भूखंड परत घेण्यास सांगितले गेले.

दुसरा वाद झोपडपट्टी असलेल्या आरक्षित मोकळ्या जागांचा. सध्याच्या नियमावलीनुसार अशा ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर पुनर्वसन करताना किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची असते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. इथे ‘बाग की घरे’ असा सामना लावला जातो. आमच्या मते तो फसवा आहे, कारण ती ३५ टक्के जागा सर्वांत जास्त पुनर्वसनाच्या उंच इमारतीतल्या मुलांनाच लागणार आहे. ती जागा विक्रीच्या इमारतीच्या कुंपणात जाते की रस्त्याकडून उघडते, हे नकाशा मंजूर होतानाच पाहायला हवे.

वेळेचा प्रश्न यापेक्षा लहान वाटतो, पण वस्तीत तोच आधी येतो. पुष्कळ उद्याने दुपारी बंद असतात. घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळची कामे संपवून संध्याकाळची सुरू होईपर्यंत दुपारीच दोन तास मिळतात, आणि त्या फुटपाथवर बसतात. आम्ही ज्या विभागात काम करतो तिथल्या एका बागेची वेळ बदलावी म्हणून महिला मंडळाने सह्यांचे निवेदन दिले. सुरक्षारक्षक नाही, असे उत्तर आले. मंडळाने पुन्हा अर्ज केला आहे.

आपल्या भागातला मोकळा भूखंड कशासाठी राखीव आहे हे विकास आराखडा २०३४ च्या नकाशात दिसते; तो महापालिकेच्या संकेतस्थळावर आहे. आरजी म्हणजे मनोरंजन मैदान, पीजी म्हणजे खेळाचे मैदान. तक्रार विभाग कार्यालयातल्या उद्यान अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. भूखंड कोणाकडे, कोणत्या करारावर आहे हे माहितीच्या अधिकारात मागता येते. झाडावर तोडणीची नोटीस दिसली तर तिचा फोटो तारखेसह काढून ठेवावा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत घेता येते, आणि मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजतात.