बॅटरी उभी की आडवी?

निपाणी सोडून बेळगावची वाट धरली की तवंदीचा घाट लागतो. तंबाखूच्या बैलगाड्यांपासून मालमोटारींपर्यंत नाना वाहनांनी हा चढ अनुभवला आहे. घाटात मोटारीचे इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू होणे बॅटरीवर अवलंबून असते. ती बॅटरी वाहनात कशी ठेवावी, ह्या साध्या प्रश्नामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा बॅटरीचा जन्म होऊन जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते ह्यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्‌घट सिद्ध केला. १८८१ साली कामीय फोर ह्यांनी शिशाच्या पट्ट्यांवर लेप चढवून तो व्यवहारोपयोगी केला. पुढे १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला आणि बॅटरी मोटारीची अविभाज्य सोबतीण झाली.

ह्या सोबतिणीची एक अट मात्र कडक होती. तिने सदैव उभेच राहिले पाहिजे. आतील अॅसिड पातळ. भरताना निघणारा वायू बाहेर जावा म्हणून वर छिद्रे ठेवलेली. मोटारसायकल आडवी पडली की त्याच वाटेने अॅसिड सांडे, लोखंड खाई आणि कपडे जाळी. वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागे, ते निराळेच.

ह्यावर पहिला प्रभावी उपाय जर्मनीत निघाला. १९५७ च्या सुमारास ओटो याखे ह्यांनी अॅसिडमध्ये सिलिका मिसळून त्याचा खळीसारखा घट्ट गर बनविला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील गेट्स कंपनीने दुसरी युक्ती योजिली. अतिसूक्ष्म काचतंतूंच्या चटईत अॅसिड शोषून घेतले. टिपकागदात शाई मुरावी, तसे ते तेथे मुरून राहते. चटईतील मोकळ्या जागांतून धन पट्टीवरचा प्राणवायू ऋण पट्टीकडे जातो आणि त्याचे पुन्हा पाणी होते; म्हणून वरून पाणी घालण्याची गरज उरत नाही. अशी बॅटरी कुशीवर ठेवली तरी चालते. उंच घटांत जड अॅसिड हळूहळू तळाशी बसते. घट आडवा ठेवल्यास त्याची उंची कमी होऊन हा दोषही घटतो.

मग ती उलटी टांगावी काय? नाही. सीलबंद म्हटले तरी तिला एक झडप असतेच. चार्जिंग अधिक झाले की आत वायू साठतो आणि झडप उघडते. बॅटरी उलटी असेल, तर वायूबरोबर अॅसिडही बाहेर येण्याचा धोका संभवतो.

ह्याहून मोठा घोटाळा नावाचा आहे. बाजारात ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून मिळणाऱ्या अनेक बॅटऱ्यांत चटई नसते, गरही नसतो; पूर्वीसारखेच पातळ अॅसिड असते. पट्ट्यांत कॅल्शियममिश्रित शिसे वापरल्याने पाणी कमी खर्च होते, एवढाच काय तो फरक. झाकण पक्के दिसते म्हणून अशी बॅटरी आडवी बसविली, तर तिच्या वायुमार्गातून अॅसिड पाझरू लागते. ऊसवाहू ट्रॅक्टरवर किंवा जुन्या मोटारसायकलवर वेगळ्या मापाची बॅटरी जागेत बसेना म्हणून कलती करून बांधली जाते, तेव्हा हाच प्रमाद घडतो.

बाजू जशी महत्त्वाची, तशी जागाही. इंजिनाच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने सरते. दर १० अंश सेल्सिअस वाढीला ते सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. काचतंतूंच्या बॅटरीत अॅसिड मोजकेच असते, आणि एकदा उडालेले पाणी पुन्हा घालता येत नाही. १९८९ च्या माझदा मियाटा ह्या जपानी मोटारीत अशी बॅटरी इंजिनापासून दूर, डिकीत बसविली होती. तरीही वायू बाहेर नेणारी नळी तिला जोडलेली होतीच.

तात्पर्य, नवी बॅटरी घेताना दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आत अॅसिड मोकळे आहे की शोषलेले? आणि निर्मात्याने ती कोणत्या बाजूंवर ठेवण्यास अनुमती दिली आहे? उत्तर मिळेपर्यंत ती उभी ठेवावी, घट्ट आवळावी आणि इंजिनाच्या धगीपासून दूर राखावी. गुरुत्वाकर्षणाला फसविण्याची विद्या माणसाने पुष्कळ साधली आहे. पण प्रत्येक पेटीला ती अवगत असतेच असे नाही.