कुंपणानेच शेत खाल्लं तेव्हा...

शनिवारी सकाळी बाबांचा फोन. "अरे, अँटीव्हायरसने अपडेट घेतलं, रीस्टार्ट करा म्हणाला. केलं, तर आता नुसतं चालू-बंद, चालू-बंद होतंय!" माझ्या तोंडात पहिला शब्द आला 'फॉरमॅट'. पण गिळला. का, ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

जुना अँटीव्हायरस म्हणजे चोरांच्या फोटोंचा गठ्ठा घेऊन दारात बसलेला वॉचमन. प्रत्येक फाईल त्या गठ्ठ्याशी ताडून बघायची आणि जुळली की उचलून क्वारंटाईनमध्ये टाकायची. चोर रोज नवे, म्हणून फोटोही रोज नवे. त्यालाच आपण अपडेट म्हणतो. आता एखाद्या दिवशी त्या गठ्ठ्यात चुकून घरमालकाचाच फोटो आला तर?

तसं झालंय, आणि एकदा नाही. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अपडेटने चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन सिस्टिम फाईल्स व्हायरस समजून उचलल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने एक्सपीच्या काही युरोपीय आवृत्त्यांमधली 'यूझर३२' पकडली. ती नसेल तर विंडोज उभंच राहत नाही.

सगळ्यात गाजलं ते २१ एप्रिल २०१० चं प्रकरण. मॅकअफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली 'एसव्हीसीहोस्ट' ही फाईल व्हायरस ठरवली. विंडोजच्या बऱ्याचशा सेवा, अगदी नेटवर्कसुद्धा, हिच्याच खांद्यावर. ती गेली आणि मशिन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागली, नेट बंद पडलं. कंपनीने काही तासांत दुरुस्त अपडेट काढलं हो, पण नेटच नाही तर ते उतरवणार कसं? शेवटी दुसऱ्या मशिनवरून पेनड्राईव्हवर घ्यायचं, सेफ मोडमध्ये शिरायचं, फाईल परत जागेवर ठेवायची. एकेका मशिनसमोर बसून!

त्या वेळी मॅकअफीचे सीटीओ होते जॉर्ज कुर्ट्झ. पुढे २०११ मध्ये त्यांनी क्राउडस्ट्राईक ही कंपनी काढली. १९ जुलै २०२४ ला तिच्याच एका सदोष अपडेटने जगभरातल्या कंपन्यांच्या पीसींवर निळा पडदा आणला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशिन्स! या वेळी फाईल उचलली नव्हती, चुकीचा डेटा वाचून ड्रायव्हरच कोसळला होता. उपाय? सेफ मोड, ती एक फाईल डिलीट, रीस्टार्ट. चौदा वर्षांनी पुन्हा तेच, एकेका मशिनसमोर बसून.

गंमत अशी की या एकाही प्रकरणात लोकांचा डेटा गेलेला नव्हता. डिस्कवर सगळं जसंच्या तसं होतं. फक्त दार अडकलं होतं.

हे मला २००४ मध्ये कळायला हवं होतं. 'एकापेक्षा दोन बरे' म्हणून मी घरच्या पीसीवर दोन अँटीव्हायरस टाकले. फाईल उघडली की दोघेही तिच्यावर झडप घालणार, शिवाय एकमेकांवरही संशय. मशिन लोळलं. मित्र म्हणाला, "फॉरमॅट मार, सुटशील." मारलं, डी ड्राईव्हसकट. त्यात आजीचे स्कॅन केलेले फोटो होते. मूळ अल्बम आधीच पावसात भिजून गेला होता. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

असो. तर शनिवारी दुपारी, त्या अँटीव्हायरस कंपनीचंच रिमूव्हल टूल पेनड्राईव्हवर घेऊन घरी गेलो. सेफ मोड, टूल, रीस्टार्ट. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागला. अर्ध्या तासात काम झालं, आणि मग तासभर बसून बाबांच्या फाईल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केल्या.

बाबा म्हणाले, "एवढंच होतं होय?"

हो बाबा, तेव्हाही एवढंच होतं.