जाते सुटले, आजी बसली

तुमच्या परसात एखादे जाते पडलेले असेल. त्याचा खुंटा धरून एकदा ओढून पाहा, म्हणजे मी काय सांगतो ते दंडालाच कळेल. पहाटे उठून जोंधळा दळायचा, मग आडावर जाऊन शेंदायचे, डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेऊन घरी यायचे. माढा तालुक्यातल्या आयाबायांचा हा रोजचा रिवाज. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. बाळंतपणे आणि पोटाला अपुरे, यांनी कित्येकींच्या कमरा वाकल्याच. गिरणी आली, नळ आला, बरेच झाले.

पण मागोमाग वृद्धाश्रमही आले. 2007 सालच्या कायद्यात तर, जिल्ह्यात निदान 150 गरीब वृद्धांची सोय होईल असा आश्रम सरकारने काढावा, अशी तरतूद झाली. आश्रमात आजीला कामच नसते. "आजी, तुम्ही बसा, आम्ही करतो," हे मायेने म्हटले जाते, आणि इथेच घात होतो.

हाड म्हणजे भिंतीतला दगड नव्हे. ते जिवंत असते, झिजते नि पुन्हा भरते. बर्लिनचे शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी 1892 साली ग्रंथ लिहून मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. भार गेला की हाड विरळ होते. अंतराळात जाणाऱ्या धडधाकट माणसांचीही हाडे तिथे झिजतात, ती याचमुळे. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पाळी थांबल्यावर हाडे ठिसूळ का होतात, याचा माग 1941 साली अमेरिकेत डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी लावला.

मग म्हातारपणी हालचाल करून उपयोग काय, असे पुष्कळांना वाटे. याचे उत्तर वृद्धाश्रमातूनच आले. अमेरिकेत स्मिथ नावाच्या संशोधकांनी सरासरी 84 वर्षांच्या बायकांना खुर्चीत बसवूनच हातापायांचे व्यायाम दिले. तीन वर्षांनी, 1981 साली, हिशोब छापला: व्यायाम करणाऱ्यांच्या हातातल्या हाडाचे खनिज दोन टक्क्यांच्या वर वाढले होते, बाकीच्यांचे तीन टक्क्यांच्या वर घटले होते. बायका अवघ्या 30, म्हणून यावर फार मोठा मनोरा रचू नये. पण 1994 साली बोस्टनच्या एका आश्रमात सरासरी 87 वर्षांच्या 100 जणांवर प्रयोग झाला. वजने ढकलण्याचा सराव ज्यांना दिला, त्यांच्या पायांतली ताकद 10 आठवड्यांत दुपटीच्या वर गेली! पायात ताकद असली म्हणजे तोल सावरतो; आणि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळेच.

खाण्याचेही तसेच. फ्रान्समध्ये आश्रमांतल्या 3,270 वृद्ध स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल 1992 साली आला. ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळाले, त्यांच्यात दीड वर्षात खुब्याचे हाड मोडणे 43 टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे ऊन फुकट आहे, तरी आजीची खाट असते आतल्या खोलीत!

तेव्हा खाट ओसरीवर आणा. नाचणीची भाकरी, तीळ, ताक पानात असू द्या. शेंगा फोडायला, धान्य निवडायला आजीला द्या, आणि खुर्चीवरून हातांचा टेका न घेता चार-पाच वेळा उठा-बसायला सांगा. जवळ कुणीतरी उभे राहा. चक्कर येत असेल किंवा पूर्वी हाड मोडले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि न्हाणीपाशी पाणी सांडलेले असेल, तर पहिल्यांदा ते पुसून घ्या.