सोन्याचे नॅनोकण आणि कॅन्सर : पेप्टाइडचं काम नेमकं काय?

‘सोन्याने कॅन्सर बरा होतो’ अशा आशयाचे मेसेज मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात. यात खरं किती आणि वाढवून सांगितलेलं किती, हे आपण समजून घेऊ या.

नॅनोकण म्हणजे काय?
एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या संशोधनात वापरलेले सोन्याचे गोल कण साधारण ३० नॅनोमीटरचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. इतकं बारीक सोनं पाण्यात पिवळं नाही, तर लालसर दिसतं. सोनं सहसा गंजत नाही आणि त्याच्या पृष्ठभागावर दुसरे रेणू घट्ट चिकटवता येतात, म्हणून शास्त्रज्ञांनी ते निवडलं.

पेप्टाइड कशासाठी?
नुसता सोन्याचा कण कुठेही जाईल. त्याला पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे पेप्टाइड, अर्थात अमिनो आम्लांची छोटी साखळी. ‘आरजीडी’ नावाच्या पेप्टाइडमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड ही तीन अमिनो आम्लं मुख्य असतात. अनेक कॅन्सर पेशींच्या बाहेरच्या बाजूला इंटिग्रिन नावाची प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त असतात. आरजीडी त्यांनाच जाऊन चिकटतं आणि कण पेशीत शिरतो. मात्र इंटिग्रिन निरोगी पेशींवरही थोड्याफार प्रमाणात असतात, त्यामुळे नेम शंभर टक्के अचूक नसतो.

इजिप्तच्या शास्त्रज्ञाचं काम
या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे मुस्तफा अल-सय्यद. जन्म १९३३, इजिप्तमधलं झिफ्ता गाव. १९५४ मध्ये ते शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि पुढे जॉर्जिया टेक संस्थेत प्राध्यापक झाले. १९९० मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला, तर २००७ साठीचं अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदकही मिळालं.

२०१० मध्ये त्यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर दोन पेप्टाइड बसवले. एक पेशीत शिरण्यासाठी आणि दुसरा थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचण्यासाठी. तिथे डीएनएला इजा झाली. पेशीचं केंद्रक दुभंगलं, पण पेशीचे दोन भाग होईनात, आणि शेवटी ती मेली. या प्रयोगातल्या पेशी तोंडाच्या कॅन्सरच्या होत्या.

त्याआधी, २००५-०६ च्या सुमारास, त्यांनी डॉक्टर मुलगा इव्हान यांच्यासोबत दुसरी पद्धत तपासली होती. तिथे पेप्टाइडऐवजी अँटिबॉडी लावलेल्या कणांवर लेझर सोडला. सोनं प्रकाश शोषून तापतं, आणि त्या उष्णतेने कॅन्सर पेशी मरतात. निरोगी पेशी मारायला दुप्पटीहून जास्त लेझर ऊर्जा लागली.

मग औषध कधी मिळणार?
वरचे प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झाले. शरीरात गोष्ट अवघड होते. रक्तात गेलेले बरेच कण यकृत आणि प्लीहेत अडकतात आणि तिथे दीर्घकाळ राहू शकतात. इजिप्तमध्ये कुत्र्या-मांजरांच्या स्तनांच्या गाठींवर सोन्याच्या नॅनोसळ्या आणि लेझरचे प्रयोग झाले आहेत. माणसांवरची एक सुरुवातीची चाचणी २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यात प्रोस्टेट कॅन्सरचे १६ रुग्ण होते. पण त्या कणांवर पेप्टाइड नव्हतं, आणि इतक्या कमी रुग्णांवरून कुठलाही उपचार सिद्ध होत नाही.

आपल्या घरांसाठी
मिठाईवरचा वर्ख किंवा सोन्याचं भस्म खाल्ल्याने हे काम होत नाही. त्या सोन्यावर ना पेप्टाइडचा पत्ता असतो, ना लेझरची जोड. कुणी ‘गोल्ड नॅनो’ नावाची महागडी बाटली विकायला आला, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. सुरू असलेली केमो किंवा रेडिएशन मध्येच सोडू नका. गेलेला वेळ परत मिळत नाही.

तोंडाचा कॅन्सर आपल्या राज्यात तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारीशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली, किंवा तोंड पूर्ण उघडेना, तर लगेच तपासणी करून घ्या. अब्बा, चाचा, दादी मिश्री-तंबाखू घेत असतील, तर त्यांचं तोंड एकदा उजेडात नीट पाहा. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या सोन्याची वाट पाहावी लागत नाही.