रक्तपेशीगणना (फुप्फुसदाहातील)

फुप्फुसांतील दाहाचे स्वरूप व जोर यांचा अंदाज घेण्यासाठी रक्तातील पेशींची केली जाणारी मोजणी. दमा, सीओपीडी (दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसरोग), इओसिनोफिली न्यूमोनिया, अतिसंवेदनशील फुप्फुसदाह या विकारांत ती उपयोगी पडते. ‘सीबीसी’ (संपूर्ण रक्तगणना) या स्वस्त तपासणीत ती होत असल्याने तालुक्याच्या गावीही मिळते.

मोजणी : प्रौढांच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील इओसिनोफिल या प्रकारच्या पेशी सहसा ५०० पेक्षा कमी असतात. नुसती टक्केवारी फसवी ठरते : एकूण ५,००० पेशींत ६ टक्के म्हणजे ३०० इओसिनोफिल, तर १२,००० पेशींत ४ टक्के म्हणजे ४८०. म्हणून प्रत्यक्ष संख्या पाहावी.

अर्थ : पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये रंजकाच्या साहाय्याने इओसिनोफिल ओळखले. दम्याच्या एका प्रकारात ते वाढतात. वाढ टिकून राहिल्यास दम्याचे झटके येण्याचा धोका अधिक असतो. सीओपीडीचा त्रास वारंवार बळावणाऱ्या रुग्णात ही संख्या ३०० किंवा अधिक असेल, तर श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा लाभ जास्त होतो. १०० पेक्षा कमी असल्यास तो फारसा होत नाही. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, तर जंतुसंसर्गाचा विचार होतो. सार्कॉइडोसिस या विकारात लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गोळा होतात आणि रक्तात मात्र कमी दिसू शकतात.

उष्णकटिबंधीय फुप्फुसी इओसिनोफिलिया या विकारात इओसिनोफिल ३,००० च्या वर जातात. रात्रीचा कोरडा खोकला व धाप यांमुळे तो दमा किंवा क्षय वाटतो. फ्रिमोट-म्योलर व बार्टन यांनी १९४० मध्ये मदनपल्ली येथील अशा रुग्णांचे वर्णन केले. १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी त्याला ‘उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया’ म्हटले. हत्तीरोगाच्या सूक्ष्मकृमींवरील तीव्र प्रतिक्रिया हे त्याचे कारण. डायइथिलकार्बामाझिन या औषधाने तो आटोक्यात येतो. हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यात राहून आलेल्या रुग्णात ही शक्यता तपासावी.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव परिसर : पश्चिमेच्या डोंगरी गावांत चुलीचा धूर हे सीओपीडीचे महत्त्वाचे कारण ठरू शकते, विडी-सिगारेट कधी न ओढलेल्या स्त्रियांनाही हा आजार होतो. पूर्वेकडे बागायती ऊस असून जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात पारगाव येथे भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. उसाच्या भिजून बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ श्वासात गेल्यास ‘बगॅसोसिस’ हा अतिसंवेदनशील फुप्फुसदाह होऊ शकतो. कोंबड्या व कबुतरांच्या विष्ठेची धूळही असाच फुप्फुसदाह घडवते. संपर्कानंतर काही तासांनी ताप, खोकला व धाप सुरू होते. तीव्र अवस्थेत न्यूट्रोफिल वाढतात, इओसिनोफिल बहुधा वाढत नाहीत. त्यामुळे इओसिनोफिल प्रमाणात आहेत एवढ्यावरून हा विकार नाकारता येत नाही. रुग्ण चुलीपुढे, गाळपाच्या जागी की पोल्ट्रीत काम करतो, हे विचारणे अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे.

मर्यादा : जंताचा प्रादुर्भाव, त्वचेची ॲलर्जी व काही औषधे यांनीही इओसिनोफिल वाढतात. गोल जंताच्या अळ्या फुप्फुसांतून जाताना खोकला आणि इओसिनोफिलवाढ एकदम दिसते. ल्योफलर यांनी अशा अल्पकालीन विकाराचे वर्णन १९३२ मध्ये केले. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडने इओसिनोफिल झपाट्याने घटतात व न्यूट्रोफिल वाढतात, म्हणून शक्य असल्यास औषध सुरू करण्यापूर्वीच रक्त द्यावे. सकाळी इओसिनोफिल कमी आणि रात्री जास्त असतात. तुलनेसाठी दर वेळी सारखीच वेळ ठेवावी. तीव्र इओसिनोफिली न्यूमोनियात सुरुवातीला रक्तातली संख्या सामान्यही असू शकते.

एकाच अहवालावरून निदान होत नाही. लक्षणे, छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (श्वसनक्षमतेची तपासणी) आणि आधीचे अहवाल यांच्याशी ताडून पाहिल्यावरच गणनेला अर्थ येतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास रक्ताचा अहवाल कसाही असो, क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. रुग्णाने प्रत्येक सीबीसीचा कागद तारखेसह जपून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावा.